पंचाहत्तर रुपये आणि दारिद्र्यव्रत

येत्या जूनमध्ये आमच्या धर्मग्रामाच्या आवारात नवे माध्यमिक विद्यालय सुरू होत आहे. त्यानिमित्त या त्रैमासिकाच्या संपादकांनी मला सुचविले, "फादर, नव्या शाळेच्या शिक्षकांचा आणि कर्मचाऱ्यांचा परिचय वाचकांना करून द्या." काम सोपे वाटले. कार्यालयातून सर्वांचे अर्ज मागवून घेतले आणि एका संध्याकाळी लिहावयास बसलो. नाव, शिक्षण, अनुभव, विषय असे एकेक रकाने उतरवीत गेलो. शेवटचा रकाना 'अपेक्षित वेतन' असा होता. कुणी तेथे नुसती रेघ ओढली होती. एका बाईंनी 'नियमाप्रमाणे' असे लिहिले होते. आणि गणिताच्या एका तरुण शिक्षकाने लिहिले होते, 'संस्था देईल ते.'

त्या तीन शब्दांपाशी माझी लेखणी अडली. परिचयाच्या भाषणात अशा माणसाला आपण 'सेवाभावी' म्हणतो, 'त्यागी' म्हणतो आणि टाळ्या घेतो. हा शब्द आपल्या शिक्षणक्षेत्रात आला कोठून, आणि ज्यांनी तो खरोखर आचरणात आणला त्यांचे पुढे काय झाले, हे पाहावे म्हणून जुनी चरित्रे पुन्हा उघडली. परिचयलेख बाजूला राहिला आणि हा लेख झाला.

आरंभी एक खुलासा. आपल्या शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. त्यापूर्वीच्या काळाविषयी लिहिताना मी तेव्हाचे औरंगाबाद हेच नाव ठेवले आहे.

महाराष्ट्रात 'नवी शाळा' हे शब्द उच्चारले की पहिली आठवते ती पुण्याची न्यू इंग्लिश स्कूल. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. 'निबंधमाला' लिहीत होते. त्यांची बदली रत्नागिरीस झाली. १८७९ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि पुण्यास येऊन स्वतःची शाळा काढण्याचा विचार जाहीर केला. डेक्कन कॉलेजात शिकणारे दोन तरुण, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर, त्यांना येऊन मिळाले. दोघेही १८५६ साली जन्मलेले, म्हणजे तेविशीच्या आतबाहेरचे.

शाळा उघडली २ जानेवारी १८८० रोजी, मोरोबादादांच्या वाड्यात. आपल्याकडे उद्घाटनाला मांडव लागतो, पाहुणे लागतात. त्या दिवशी त्या शाळेला पुरेसे शिक्षकसुद्धा नव्हते. ज्यांनी 'आम्ही येतो' म्हणून नावे दिली होती त्यांतील दोघे ऐन वेळी मागे राहिले. आगरकर एम.ए.च्या परीक्षेत नापास झाले होते, त्यामुळे त्यांचे येणे वर्षभर लांबले. उरले चिपळूणकर आणि टिळक. लवकरच महादेव बल्लाळ नामजोशी आले. मग वामन शिवराम आपटे आले. ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही संस्कृतच्या विद्यार्थ्याच्या हाताशी असतो तेच हे आपटे. शाळेची व्यवस्था त्यांच्याकडे सोपविण्यात आली. आगरकर १८८१ च्या आरंभी रुजू झाले. त्याच जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. पुढील वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले आणि एकशे एक दिवस शाळेतील दोन शिक्षक वर्गावर नव्हते. आजच्या एखाद्या व्यवस्थापकाने अशा शिक्षकांचा परिचय पालकांना कसा करून दिला असता, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही!

आता आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट सांगतो. या तरुणांनी त्यागाचा जो मापदंड स्वतःपुढे ठेवला होता, तो जेझुइटांचा होता. येशूसंघाचे धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेतात, स्वतःसाठी काही मिळवीत नाहीत, सगळे आयुष्य आणि सगळी बुद्धी संघाच्या कामाला देतात, म्हणून त्यांच्या शाळा उभ्या राहतात, असे या मंडळींचे निरीक्षण होते. पुण्याच्या कॅम्पात येशूसंघीयांची सेंट व्हिन्सेंट्स ही शाळा १८६७ पासून चालू होती. मिशनऱ्यांच्या धर्मप्रसाराला त्यांचा कडवा विरोध होता; चिपळूणकरांच्या लेखणीने तर मिशनऱ्यांना कधीच सोडले नाही. पण प्रतिपक्षाचे बळ कशात आहे हे त्यांनी नेमके हेरले होते. १८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले, आणि आजीव सभासदांचे वेतन ठरले महिना पंचाहत्तर रुपये. सोबत तीन हजारांचा आयुर्विमा. पुढे गोपाळ कृष्ण गोखले याच पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याचे वचन देऊन आले.

इथपर्यंतची कथा शिक्षकदिनी सांगितली जाते. पुढची फारशी सांगितली जात नाही.

पंचाहत्तर रुपये एकट्या माणसाला पुरेसे होते. परंतु हे एकटे नव्हते. त्यांची लग्ने झालेली होती, मुले होत होती, आईवडील म्हातारे होत होते. वेतन वाढवावे काय, शाळेबाहेरचे काम करून कोणी चार पैसे मिळविले तर ते त्याचे की संस्थेचे, अडचणीत सापडलेल्याला काही रक्कम द्यावी काय, असे प्रश्न सभेपुढे येऊ लागले. टिळकांचे म्हणणे असे की, आपण जेझुइटांचा मार्ग धरला आहे. मिळेल ते संस्थेचे, उरेल तो वेळही संस्थेचा. यात सूट दिली की पाया गेला. आगरकरांचे आणि त्यांच्या बाजूच्यांचे म्हणणे असे की, काम चोख केल्यावर उरलेला वेळ माणसाचा स्वतःचा आहे, आणि कुटुंबाची गरज ही काही चैन नव्हे. यात सामाजिक सुधारणेविषयीचे मतभेद मिसळले, स्वभाव मिसळले. १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, तेव्हा वाद विकोपाला गेला. टिळकांनी राजीनामा दिला आणि डिसेंबर १८९० मध्ये आपली बाजू मांडणारे एक प्रदीर्घ पत्र लिहिले. त्यातही जेझुइटांचा दाखला आहे.

माझी सहानुभूती कोणाकडे आहे, असे विचाराल तर उत्तर सोपे नाही. धर्मगुरू म्हणून टिळकांची भाषा मला ओळखीची वाटते. सेमिनरीत आम्ही हीच भाषा शिकलो. परंतु आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभू गावच्या अत्यंत गरीब घरातून आलेले होते, वार लावून आणि मिळेल ते काम करून शिकलेले होते. टिळकांच्या गाठीशी वडिलांनी मागे ठेवलेली थोडी पुंजी तरी होती. ज्याने दारिद्र्य लहानपणापासून भोगले आहे आणि ज्याने ते विचारपूर्वक पत्करले आहे, त्या दोघांना पंचाहत्तर रुपये सारखेच दिसणार नाहीत. आगरकरांनी आईला लिहिले होते की, आता आपला मुलगा मोठ्या पगारावर जाईल ही आशा सोड. पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार आहे. ते वचन त्यांनी मोडले नाही. फर्ग्युसनचे प्राचार्य असताना १८९५ च्या जूनमध्ये दम्याने जर्जर होऊन ते गेले, तेव्हा त्यांना एकोणचाळिसावे वर्ष चालू होते. चिपळूणकर १८८२ मध्येच, बत्तिशी पुरी होण्यापूर्वी गेले होते. आपटे १८९२ मध्ये गेले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. त्या नव्या शाळेच्या पहिल्या शिक्षकवृंदातील तिघांनी चाळिशी पाहिली नाही.

जेझुइटांच्या उदाहरणात टिळकांच्या नजरेतून एक बाजू निसटली होती, आणि ती आम्हा व्रतस्थांनी तरी विसरू नये. येशूसंघाच्या धर्मगुरूला घर नसते, पण मठ असतो. त्याचे आजारपण, म्हातारपण, इतकेच काय त्याचे दफनसुद्धा संघाचे असते. त्याला मुलीचे लग्न करावयाचे नसते. दारिद्र्यव्रत हे ब्रह्मचर्यव्रताच्या आणि संघजीवनाच्या भिंतीला टेकून उभे असते. ती भिंत काढून घेतली आणि नुसते दारिद्र्य शिक्षकाच्या गळ्यात घातले, तर ते व्रत राहत नाही.

टिळकांच्या त्या पत्रानंतर पाच महिन्यांनी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक प्रसृत केले. श्रम करणाऱ्याने नाइलाजाने कमी वेतनावर मान्यता दिली म्हणून ते वेतन न्याय्य ठरत नाही, काटकसरीने राहणाऱ्या माणसाचा निर्वाह त्यातून झाला पाहिजे, असे त्यांनी ठामपणे मांडले. त्यांच्या डोळ्यांपुढे युरोपातील कारखाने होते. पुण्यातील एका शाळेत याच सुमारास याच प्रश्नावरून मित्र दुरावत आहेत, याची व्हॅटिकनला कल्पना असण्याचे कारण नव्हते. पण दोन्ही घटना मी शेजारी शेजारी ठेवून वाचतो. गोखल्यांनी तर हा वाद आतून पाहिला होता. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि सभासदांसाठी प्रतिज्ञा लिहिल्या. त्यांत संस्था आपल्यासाठी आणि कुटुंब असल्यास कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत समाधान मानीन, अशी एक प्रतिज्ञा आहे. 'कुटुंबासाठी' हा शब्द तेथे अनुभवातून आला असावा, असे मला वाटते.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. येथे परिस्थिती वेगळी होती. निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू. मराठी मुलांसाठी खाजगी शाळा काढणे हे राजवटीच्या डोळ्यावर येण्यासारखे काम होते. तरी औरंगाबादेत सरस्वती भुवन १९१५ पासून उभे राहिले होते, आणि धाराशिव जिल्ह्यातील हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली होती. या हिप्परग्याच्या शाळेत व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचे तरुण मुख्याध्यापक म्हणून आले. मुख्याध्यापक असतानाच त्यांनी संन्यास घेतला. तेच स्वामी रामानंद तीर्थ. भगव्या वस्त्रातील माणूस हजेरीपट घेऊन वर्गात जातो, हे चित्र आम्हा झगाधारी मुख्याध्यापकांना परके वाटू नये. पुढे १९३५ मध्ये ते आणि बाबासाहेब परांजपे प्रभृती सहकारी मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस गेले आणि योगेश्वरी विद्यालयाचे काम त्यांनी हाती घेतले. १९३८ मध्ये स्वामीजी स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. शाळेची रोजची गाडी मागे राहिलेल्यांनी ओढली. इतिहासात स्वामीजींचे नाव मोठ्या अक्षरांत आहे, आणि ते योग्यच आहे. पण घंटा झाल्यावर वर्गावर जाणारा माणूस कुणीतरी लागतोच.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर दारे उघडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती. तिचे दुसरे मोठे काम त्यांनी औरंगाबादेस आणले आणि जून १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. स्वतःची इमारत नव्हती. कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. पुढे या महाविद्यालयाला नाव मिळाले 'मिलिंद', आणि परिसराला 'नागसेनवन'. प्रश्न विचारणारा ग्रीक राजा आणि उत्तरे देणारा भिक्खू, अशी ही जोडी आहे. शाळेला राजाचे नाव आणि जागेला गुरूचे, ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. १९५५ मध्ये त्याच परिसरात मिलिंद मल्टिपर्पज हायस्कूल निघाले. 'मल्टिपर्पज' हा शब्द तेव्हा नवा होता. मुदलियार आयोगाने अशा बहूद्देशीय शाळांची शिफारस केली होती.

मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस. इंग्रजीचे प्राध्यापक, मुंबईहून आलेले, जन्माने चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. बाबासाहेबांना लहानपणी शाळेत संस्कृत शिकू दिले नव्हते. शिक्षक निवडताना मात्र त्यांनी जात पाहिली नाही, विद्वत्ता आणि तळमळ पाहिली. चिटणिसांनी मुलांसाठी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. ते १९५५ मध्ये बाबासाहेबांसमोर झाले आणि १९५६ मध्ये नागपूरला धर्मांतराच्या वेळी पुन्हा झाले. पुढे गंगाधर पानतावणे, म. ना. वानखेडे अशा अध्यापकांनी याच आवारात दलित साहित्याची पायाभरणी केली. घरात पहिल्यांदाच पाटी आलेल्या मुलांसाठी चांगले शिक्षक आणावयाचे तर ते नुसत्या आवाहनाने येत नाहीत. त्यांना वेतन द्यावे लागते, आणि ते मुलांच्या फीतून निघत नाही. सरकारी अनुदान आणि शिष्यवृत्त्या, या दोन खांबांवर तो संसार चालला.

येथे आपल्या कुटुंबांचा प्रश्न येतो. घोगरगावसारख्या गावांत फ्रान्सालियन मिशनऱ्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेली आपली घराणी आणि नागसेनवनात शिकलेली घराणी एकाच वस्तीतली, अनेकदा एकाच आडनावाची. पण ज्या १९५० साली मिलिंद निघाले त्याच सालच्या ऑगस्टमध्ये अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि त्यातून ख्रिस्ती बाहेर राहिले. शीख १९५६ मध्ये आत आले, बौद्ध १९९० मध्ये. आपला अर्ज अजून दाराबाहेर आहे. राज्यात आपल्याला इतर मागासवर्गात ठेवले आहे. म्हणजे बाकावर शेजारी बसलेल्या दोन मुलांपैकी एकाला शिष्यवृत्ती आणि दुसऱ्याला तितकी नाही. हा अन्याय विद्यार्थ्यावर झाला असे आपण म्हणतो. तो पुढे सरकत शिक्षकापर्यंत पोहोचतो, हे आपल्या लक्षात येत नाही. पालक फी भरू शकत नाहीत, शाळेला अनुदान नाही, मग तुटीचा सगळा भार कोणाच्या पाकिटातून भरून निघतो?

आपल्या जुन्या मिशन शाळांतील 'मास्तर' हा माणूस आठवा. आठवडाभर मुलांना बाराखडी शिकवावयाची, आणि फादर फेरीवर असतील त्या रविवारी लोकांना जमवून प्रार्थना म्हणावयाची. आजाऱ्याला भेट, मृताला मूठमाती, भांडणात मध्यस्थी, सगळे त्याच्याकडे. त्याच्या त्यागावर आपले धर्मग्राम उभे राहिले. १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा होऊन आपला धर्मप्रांत झाला, तो या मास्तरांच्या खांद्यावरून. सेवानिवृत्तीनंतर त्यांच्या घरी काय होते, हे मात्र ज्यांनी त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा केली आहे त्या धर्मगुरूंना माहीत आहे.

माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट येथे लिहून टाकतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका लहान विनाअनुदानित शाळेचा व्यवस्थापक होतो. एका शिक्षकाची पत्नी बाळंतपणाला आली होती. त्यांनी दोन महिन्यांचे वेतन आगाऊ मागितले. थकलेलेच दोन महिन्यांचे होते, हे मी सोयीस्करपणे विसरलो आणि त्यांना ख्रिस्ती शिक्षकाच्या पाचारणाविषयी सांगू लागलो. ते शांतपणे ऐकून घेऊन गेले. दिवाळीच्या सुटीनंतर ते परतले नाहीत. त्यांना अनुदानित शाळेत जागा मिळाली होती. त्याच वर्षीच्या वार्षिक संमेलनात मी त्यांचा परिचय 'त्यागमूर्ती' असा करून दिला होता.

माझ्या टेबलावर त्या वेळीही १९८३ ची धर्मसंहिता होती. ख्रिस्तसभेच्या सेवेला वाहून घेतलेल्या प्रापंचिकांना स्वतःच्या आणि कुटुंबाच्या गरजा भागतील असे योग्य वेतन, तसेच आजारपण आणि भविष्याची तरतूद मिळण्याचा हक्क आहे, असे तिचे २३१ वे कलम सांगते. त्याआधी १९८२ मध्ये कॅथलिक शिक्षणविषयक रोमन मंडळाने शाळांतील प्रापंचिकांविषयी एक पत्रक काढले होते. स्पष्ट कराराने हमी दिलेले आणि जोडधंद्याची गरज न पडता सन्मानाने जगता येईल इतके वेतन शिक्षकाला असावे, असे त्यात म्हटले आहे. जोडधंदा! पुण्याच्या वाड्यातील भांडण नेमके याच शब्दापाशी होते.

कायद्याच्या बाजूने बोलावयाचे तर खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा, नियम १९८१ चे. त्यांत शिक्षक आहेत तसे लेखनिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर आणि शिपाईही आहेत. २००० पासून शिक्षणसेवकाची तीन वर्षे मानधनावर काढण्याची पद्धत आली. मध्यंतरी 'कायम विनाअनुदानित' असा एक शब्दप्रयोग शासनाने रूढ केला होता. २००९ मध्ये त्यातील 'कायम' तेवढा काढला. राहिलेल्या शब्दाचा अर्थ ज्या घरांत शिक्षक आहेत त्यांना विचारावा.

आमच्या नव्या शाळेत सात शिक्षक आहेत. चार भगिनी, तीन बंधू. दोघे बौद्ध, एक मुस्लिम, एक हिंदू, तिघे आपले. एक लेखनिक आहे. आमच्याच गायनवृंदात तो पेटी वाजवतो. दोन शिपाई आहेत. त्यांतील एक बाई पहाटे पाचला तीन घरची धुणीभांडी आटोपून येतात, हे मला अर्जावरून कळले नाही, त्यांच्या हातांवरून कळले. प्रयोगशाळा परिचराची जागा अजून मंजूर व्हावयाची आहे. सर्वांची नावे, शिक्षण आणि छायाचित्रे पुढील अंकात येतील.

मागील रविवारी मिस्सानंतर धर्मग्राम सल्लागार मंडळापुढे मी वेतनाचा तक्ता ठेवला. बेरीज पाहून कोणी बोलेना. मग एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "फादर, यंदाच्या फेस्ताचा मांडव किती रुपयांचा ठरला आहे?" तो आकडा मी सांगितला. बैठक रात्री साडेनऊपर्यंत चालली. गणिताच्या शिक्षकाला मी दुसऱ्या दिवशी बोलावले, त्याचा अर्ज त्याच्यापुढे ठेवला आणि शेवटचा रकाना पुन्हा भरून द्यावयास सांगितले.